पुलापलीकडे विकलेली गाडी

मित्रांनो, मी एका काचवाल्याची जुनी डिझेल व्हॅन. माझ्या कुशीला बाहेरून एक तिरका लाकडी सांगाडा ठोकलेला आहे. त्यावर काचा उभ्या बांधायच्या, कारण आडवी नेलेली काच पहिल्याच खड्ड्यात तडकते.

मला नवी कोरी आणली तेव्हा काय कौतुक झालं! डिझेलच्या गाड्या घ्या, असं तेव्हा सरकारच सांगत होतं. माझ्या खरेदीवर सूट मिळाली आणि पुढच्या काचेवर 'स्वच्छ गाडी' असं हिरवं स्टिकर लागलं. मालक ते रोज ओल्या फडक्याने पुसत. शहराच्या जुन्या भागातली शाळेची तावदानं, दवाखान्याची दारं, न्हाव्याचे आरसे, सगळं मीच वाहिलं. घरात मुलीच्या खालोखाल माझा मान आहे, असं मला वाटायचं. वेडीच मी!

त्या मुलीला दमा होता, आणि आमचं घर जुन्या भागातच होतं. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांनी पूल ओलांडून जुन्या भागात येताना रोज आकार भरावा का, हे विचारायला नगरपालिकेने सभा बोलावली. मालकांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. घरी येऊन माझ्याच बॉनेटला टेकून त्यांनी ही बातमी बायकोला सांगितली.

"अहो, पण आपली गाडी?"

"आपल्या गाडीचा काय संबंध? स्वच्छ गाडी आहे ती! स्टिकर आहे की!"

"ते किती जुनं आहे ते बघितलंत का?"

"अगं, सरकारनेच दिलंय ना? सरकार काय आपलाच शब्द फिरवेल?"

नियम लागू झाला आणि पहिली नोटीस आमच्याच दारात आली. स्टिकरकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. समोरच्या वकीलसाहेबांची मोटार माझ्याहून जास्त धूर ओकत असे. ते आकार भरत आणि ऐटीत पाव आणायला मोटारीने जात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मात्र मी म्हणणार नाही. मी काही संन्यासी नव्हते. धूर माझाही होताच.

आणि खोटं कशाला बोलू? जुन्या भागातली हवा खरंच निवळली. त्या हिवाळ्यात मुलगी दम न लागता जिना चढली, तेव्हा मलासुद्धा बरं वाटलं.

मालकांना मात्र रोजचा आकार झेपेना. त्यांनी मला पुलापलीकडे उभी करून काचा हातगाडीवर नेऊन पाहिल्या. पुलाच्या सांध्यावर हातगाडी आदळली आणि एका दुकानासाठी नेत असलेल्या दर्शनी काचेचा चुरा झाला. मोडीत दिली तर माझे अगदीच थोडे पैसे येत होते. म्हणून त्यांनी मला गावाबाहेर राहणाऱ्या मेहुण्याला विकलं.

मेहुणा माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "दाजी, धूर फार सोडते हो ही."

"तुमच्याकडे कुठे आकार आहे? चालव बिनधास्त!"

मित्रांनो, हे तेच मालक, ज्यांनी लेकीच्या छातीसाठी हात वर केला होता! कोणी केसाने गळा कापला तर कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मी विटा वाहते. विटा उतरवतात त्या जागेला लागून एक बालवाडी आहे. बंद केली तर मी लवकर सुरू होत नाही, म्हणून मला तिथे तशीच धडधडत ठेवतात. आतली पोरं खोकतात. गणतीत नसलेल्या पोरांचा खोकला कोण मोजणार?

धुराला किंमत लावू नका, असं माझं म्हणणं नाही. पण गरिबाला गाडी बदलायला हात द्या, आणि आपल्या दारातली जुनी गाडी विकाल तेव्हा ती कोणाच्या दारात जाऊन उभी राहणार आहे, ते एकदा विचारा. माझी खरंच माया वाटत असेल, तर मला मोडीत काढा.

पण ऐकतंय कोण? मेहुण्याने मला पुन्हा तशीच धडधडत उभी केली आहे, आणि बालवाडीच्या बाई खिडकी लावायला धावल्या आहेत.