नववी पायरी

मिस्त्रींपुढे लाकूड कधी खोटं बोललं नाही, असं खुद्द मिस्त्रीच सांगत. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, की फळी आतून भरीव की किडलेली हे सांगून मोकळे. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर हीच विद्या त्यांनी हाडांवर चालवायला घेतली. ओळखीचं कुणी भेटलं की नमस्काराआधी गुडघ्यावर टकटक. मग "सागवान" म्हणत, नाहीतर तोंड वाकडं करून "खोक्याचं लाकूड". एका म्हाताऱ्याला त्यांनी सरळ वाळवी सांगितली. तो बिचारा दोन दिवस जेवला नाही.

स्वतःचा गुडघा मात्र त्यांनी एकदाच वाजवून पाहिला. आवाज काही पटला नाही. पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाहीत, आणि त्याच आठवड्यात पोलादमास्तरांकडून पावडरीचा पहिला डबा घरात आला.

पोलादमास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतमास्तर. हयातभर पोरांना छाती पुढे, पोट आत करायला लावलं, आणि निवृत्तीनंतर हाडं पोलादी करणारी पावडर विकायला घेतली. "मी स्वतः दिवसाला सहा चमचे घेतो," हे वाक्य ते पूर्णविरामासारखं वापरत. मिस्त्रींनी पावडरीवर भागवलं नाही. गोळ्या आल्या, कॅप्सुली आल्या, तेलाची बाटली आली. रिकामी खोकी जिन्याखाली साचत गेली.

मिस्त्रींना धाक होता तो लेकीचा. खाली त्यांचा सुतारकामाचा कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या, मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. वर त्यांच्यासोबत थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची आक्का. लेकीनं बजावलं होतं, "बाबा, तुम्ही नाहीतर आत्या, एक जण जरी या जिन्यावरून पडलात, तर त्याच दिवशी कारखान्याला कुलूप. दोघंही माझ्याकडे, तळमजल्यावर." लेकीच्या घरी काही कमी नव्हतं. फक्त रंधा ठेवायला जागा नव्हती, आणि रंध्याशिवाय मिस्त्री म्हणजे नुसता एक म्हातारा.

आता गंमत पाहा. निम्म्या गावाला कठडे बसवून देणाऱ्या या माणसाच्या जिन्याला कठडा नव्हता. कारण होती नववी पायरी. चाळीस वर्षांपूर्वी घाईत माप चुकलं आणि ती बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच बसली. दुरुस्त करायची तर चूक कबूल करायला हवी. कठडा लावायचा तर त्याच्या सरळ रेघेशेजारी नववी पायरी बोंब मारणार. म्हणून मिस्त्री म्हणत, "पायाला सवय असली की कठडा कशाला?"  आक्का भिंतीवर तळवा टेकत चढे-उतरे. इतक्या वर्षांत भिंतीवर तिच्या तळव्याची तिरपी काळपट पट्टी उमटली होती.

लेकीच्या हट्टानं मिस्त्री डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी रक्त तपासलं, हाडांचा फोटो काढला. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणाल्या. शरीरात काही कमी असेल तर त्याला मी स्वतःच गोळ्या लिहून देते, पण तुमच्यात काही कमी नाही. उगाच डबे रिचवून हाड मोडायचं टळत नाही, पडणं टाळलं तर टळतं. आणि शेवटी विचारलं, जिन्याला कठडा आहे का?

मिस्त्री घरी आले ते धुमसतच. "हाडं दाखवायला गेलो, तर बाई मला सुतारकाम शिकवते."

"मग हाडाचं तिला कळतं आणि सुतारकामाचं तुला," आक्का म्हणाली. "दोघांनी आपापलं करा की."

पण मिस्त्रींच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. पोलादमास्तरांना जाहिरातीसाठी फोटो हवा होता: शहात्तर वर्षांचा माणूस खांद्यावर डबा घेऊन ताठ मानेनं जिना उतरतोय. मिस्त्रींनी रविवार ठरवला, कारण रविवारी लेक यायची होती. तिनं डोळ्यांनी बघावं आणि कुलपाचा विषय कायमचा मिटावा. फोटोत शोभावं म्हणून दोन दिवस आधी त्यांनी चौदाही पायऱ्यांना असं पॉलिश मारलं, की आत तोंड बघून भांग पाडावा. आक्का दोन दिवस खाली उतरली नाही.

रविवारी मास्तर वर आले, चढताना नवव्या पायरीला ठेचकाळलेच. तरी कसं उतरायचं ते आधी करून दाखवतो म्हणाले. छाती पुढे, पोट आत, नजर समोर, खांद्यावर डबा. मागून मिस्त्री. खाली दारात लेक येऊन उभी राहिली होती. नवव्या पायरीवरून पुढचं पाऊल टाकताना मास्तरांचा पाय जिथे आठवी पायरी शोधत होता, तिथे ती नव्हती. दोन बोटं खाली होती. मिस्त्रींनी त्यांना धरायला एक हात पुढे केला आणि दुसऱ्यानं आधार शोधला. आधार असता तर सापडला असता. दोघंही गेले. मास्तर मनगटावर, मिस्त्री बाजूनं घसरून खोक्यांच्या ढिगात, वर पावडरीचा पांढरा ढग.

"बाबा, पडलात तुम्ही," लेक म्हणाली.

"बसलो," मिस्त्री ढगातून म्हणाले.

मास्तरांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी पावडर किती घेता विचारलं. सहा चमचे, आठ वर्षं. बाईंनी ते लिहून घेतलं. मास्तर खमके, दुसऱ्या दिवसापासून सांगत सुटले, की पावडर नसती तर दोन्ही मनगटं गेली असती. खप वाढला म्हणतात.

इकडे लेकीनं पर्समधून कुलूप काढून टेबलावर ठेवलं होतं.  मिस्त्री उठले, टेप घेतला आणि लेकीसमोर नवव्या पायरीला लावला.

"दोन बोटं जास्त आहे," ते म्हणाले. "पायरी चुकली नाही गं. मी चुकलो."

लेकीनं जन्मात त्यांच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. कुलूप तिनं पर्समध्ये परत टाकलं आणि जिना नीट करायला पंधरा दिवस दिले.

मिस्त्रींनी चारच घेतले. नववी पायरी उतरवून पुन्हा बसवली, पॉलिश खरवडून काढलं. कठड्याची उंची कुठली धरायची, यासाठी मात्र टेप लागला नाही. आक्काची काळी पट्टी होती, तिच्यावरच भिंतीला लाकूड ठोकलं. पंधराव्या दिवशी लेकीनं दोन्ही हातांनी कठडा गदागदा हलवून पाहिला. तो हलला नाही. ती चहा पिऊन गेली.

डबे अजून कारखान्यात आहेत. झाकण घट्ट बसतं, आत ठेवलेले स्क्रू गंजत नाहीत.