हिरव्या शिक्क्याची पाहणी

रोजगार कार्यालयात हिरव्या कामांचा फलक सांभाळणाऱ्या बाईंना सहकारी पाठीमागे 'चाळणी' म्हणत. हवा-पाणी न नासवणारी कामं शोधायची, जागेवर जाऊन पारखायची आणि खात्री पटली की जाहिरातीवर हिरवा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. पहिल्याच वर्षी एका रंगवाल्याच्या गोड बोलण्याला भुलून त्यांनी शिक्का दिला आणि महिनाभरात त्याचं सांडपाणी मागच्या ओढ्यात सापडलं. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पीत.

यंदा जुने फ्रीज मोडणाऱ्या एका कार्यशाळेचा अर्ज आला होता. फ्रीजमधला गॅस हवेत सुटला तर घातक. म्हणून तो पंपाने ओढून सिलिंडरमध्ये भरायचा आणि मग पत्रा, तांबं, प्लास्टिक वेगळं करायचं. बारा माणसं पंधरा दिवसांच्या कच्च्या बोलीवर घेतली होती. शिक्का मिळाला तर बाराही जण कायम होणार होते.

त्या बारांत बाईंसोबत एकाच घरात राहणारा त्यांचा धाकटा भाऊ होता. गिरणीचा बॉयलर थंड झाल्यापासून तो आठ महिने घरी बसून होता. उभी हयात वाफेशी झटण्यात गेलेली, म्हणून सगळे त्याला वाफ्या म्हणत. कुणाच्याही घरी गेला की तो आधी स्वयंपाकघरात शिरून गॅसच्या सिलिंडरवर बोटांची पेरं वाजवी, किती दिवस पुरेल ते सांगे आणि मगच चहाला बसे. काटा खोटं बोलेल, लोखंड बोलणार नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आले तेव्हा माझ्याआधी सिलिंडर पाहिला, असं त्याची बायको अजून चारचौघांत सांगे.

बाईंनी साहेबांना नातं सांगून टाकलं आणि पाहणीला दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणाल्या. साहेब म्हणाले, तुम्हीच जा, भावाला तर तुम्ही दुप्पट चाळाल.

खरं तर चाळणं आधीच सुरू झालं होतं. एका झडपेवर तासभर बोलणारा हा माणूस नव्या कामाबद्दल विचारलं की "ठीक आहे" म्हणून ताटात बघायचा. कुठंतरी पाणी मुरत होतं.

कार्यशाळा मात्र आरशासारखी होती. फरशीवर तेलाचा डाग नाही, माणसांच्या हातात हातमोजे, पंपावर धूळ नाही. कडक इस्त्रीतल्या मालकाने न विचारताच सगळं दाखवलं. भिंतीशी सहा सिलिंडर ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या गळ्यात 'भरलेला' अशी चिठ्ठी, खाली तारीख. बाईंनी तारखा ताडून पाहिल्या. एकही चुकली नव्हती, आणि तेच त्यांना खटकलं. पण खटकण्याला अर्जात रकाना नव्हता. त्यांनी पिशवीतून शिक्का काढला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष भावाकडे गेलं. तो सिलिंडरांपासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात होते.

"हे वाजवून पाहिलेस का रे?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मालक हसला. भाऊ हसला नाही. बाकीच्या अकरा जणांचे हात थांबले. वाफ्याने खाली पाहिलं, मग उजवा हात खिशातून काढला आणि पहिल्या सिलिंडरवर पेरं वाजवली. टण्ण. दुसराही तसाच, तिसराही.

मालकाने लगेच सांगितलं की भरलेले आजच सकाळी गेले, चिठ्ठ्या चुकून रिकाम्यांवर लागल्या. सांगण्यात कुठेही अडखळ नव्हती. बाई त्याच्याकडे न बघता भावाकडे बघत राहिल्या.

"मी सगळ्यांआधी येतो, ताई," तो म्हणाला. "इथून अजून एकही सिलिंडर हललेला नाही. पंप दुसऱ्या दिवशीच बिघडला. नळी कापून गॅस मागच्या दारात सोडतात. मीही सोडलाय."

शिक्का पिशवीत गेला. पंप दुरुस्त करा, मी पुन्हा येईन आणि सहाही वाजवून बघेन, असं बाईंनी मालकाला सांगितलं. अर्जावर लिहिलंही तसंच. मालकाने मान डोलावली आणि वाफ्याला एप्रन काढून ठेवायला सांगितलं.

दोघं घराच्या वाटेला लागली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"तू तरी सरळ विचारलंस का? रोज नुसती चोराकडे बघावं तशी बघत होतीस." थोडं चालून तो म्हणाला, "आणि त्या अकरा जणांची तोंडं मला रोज बघावी लागत होती."

पंप कधी दुरुस्त होईल आणि खरंच होईल का, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर वाफ्याच्या बायकोने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. तिच्या मागून वाफ्या स्वयंपाकघरात गेला. बाहेर बसलेल्या बाईंना पेरांचा आवाज आला, मग त्याचा.

"आठवडाभर पुरेल. जरा बेताने जाळ."