डाव्या बुटाची उंची

"अगं, नुसती मापं तर आहेत. पुसून टाकू. नवीन कॉम्प्युटरला तेवढीच जास्तीची जागा," दादा म्हणाला. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून त्याने हार्ड डिस्क बाहेर काढली होती आणि शर्टाच्या टोकाने तो तिच्यावरची धूळ पुसत होता.

बाबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. डिस्क तेवढी शाबूत राहिली.

"आधी आत बघू," मी म्हणाले.

"काय सापडणार आहे? पत्र?"

पत्रच शोधत होते मी. बाबा अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि त्या अकरा दिवसांत आमच्याशी पाणी, उशी आणि खिडकी एवढ्याच विषयांवर बोलले.

बाबा बूट बनवायचे. कुठल्याही दुकानात मिळतात तसे नाही. एक पाय आखूड असलेल्यांसाठी, तळवा वाकडा असलेल्यांसाठी, बोटं गेलेल्यांसाठी. चामडं काका शिवायचे. काका नात्यातले कुणी नव्हेत. तीस वर्षं बाबांच्या समोर बसून काम केलेला माणूस. पण माप घेणं आणि तळाखालचा कॉर्क कापणं, ही दोन कामं बाबांनी कुणाच्या हाती दिली नाहीत.

"पुसापुशी मागाहून करा," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "पाच वाजता मेट्रनबाई येणारेत. डावा पाय आखूड त्यांचा. कॉर्क किती जाड लावायचा ते तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात आहे. मला काय, आयता कापून मिळायचा."

"मग परत मोजू की," दादा म्हणाला.

"मोज ना, तूच मोज. तिसरीपर्यंत स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नव्हती तुला."

दादा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग त्याने डिस्क नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवली, दोन वायरी जोडल्या. पडद्यावर बाबांच्या नावाचा फोल्डर आला. मी तो उघडायला गेले, तर उत्तर आलं: परवानगी नाही.

दादाने आणखी एक चौकट उघडली. तिथे मालकाचं नाव असायला हवं होतं. नाव नव्हतं, एक लांबलचक आकडा होता.

"हे काय?"

"हे बाबा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे, या मशीनला ते कोण ते माहीत नाही. म्हणून नुसता नंबर दाखवतंय. मालक बदलला की उघडेल. तुझं नाव घालतो. इथे तूच बसणारेस."

मी मान हलवली. आकडा गेला, माझं नाव आलं.

आत पत्र नव्हतं. पाय होते. शेकडो माणसांचे पाय, प्रत्येकाची वेगळी फाइल. मी माझ्या नावाने शोधलं, दादाच्या नावाने शोधलं. काही निघालं नाही. आमचे पाय धड होते.

मेट्रनबाईंच्या फाइलीत नऊ वर्षांच्या नऊ ओळी होत्या. पहिल्या वर्षी डाव्या बुटाखाली अठ्ठावीस मिलिमीटर. पुढच्या वर्षी तीस. मग बत्तीस. गेल्या वर्षी चव्वेचाळीस. पहिल्या वाढीसमोर लिहिलं होतं: 'कंबर एका बाजूला झुकते आहे. डॉक्टरांना फोन केला. उंची वाढवत राहा म्हणाले. बाईंना बोललो नाही. काठीची फार धास्ती घेतली आहे त्यांनी.' त्यानंतर दरवर्षी एवढंच: 'बाईंना बोललो नाही.'

दादा माझ्या मागे उभा राहून वाचत होता. त्याने स्क्रू एकेक करून झाकणात बसवले, घट्ट केले.

"जागा कमी पडली तर सांग," तो म्हणाला. "दुसरी डिस्क आणू."

मेट्रनबाई बरोबर पाचला आल्या, वॉर्डात फेरी मारायला आल्यासारख्या. "तुझ्या बाबांचं कळलं गं," त्या म्हणाल्या. "मी ड्यूटीवर असते तर खडसावलं असतं त्यांना. न विचारता जातात म्हणजे काय!" आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

काकांनी बाबांच्या लाकडी पट्ट्या काढून दिल्या. बाई माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. डाव्या पायाखाली मी चव्वेचाळीस मिलिमीटरच्या पट्ट्या रचल्या आणि मागून कंबर पाहिली. डावी बाजू अजून खाली होती. दोन मिलिमीटरची आणखी एक पट्टी सरकवली. कंबर समपातळीत आली.

"काय गं, वाढवलंस का काही?"

काकांची सुई थांबली. मी पट्ट्यांच्या कडा बोटांनी जुळवत राहिले.

"नाही बाई. गेल्या वर्षीचंच माप आहे."



"तुझे वडीलही हे असं खाली बघूनच सांगायचे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरचा हात काढून सरळ उभ्या राहिल्या.