दोन्ही वेळा सारखंच

लुईसची नजर भरवशाची निघू नये, एवढीच टिफनीची इच्छा होती. वडिलांसाठी देवाकडे असलं काही मागणं शोभत नाही, म्हणून तिने ते मनातच ठेवलं होतं.

लुईसला स्किझोफ्रेनिया होऊन तीस वर्षं झाली होती. सांडोरच्या वाडीत, केळींमध्ये, त्याला कधीमधी माणसं दिसत. घरच्यांनी त्या माणसांची सवय करून घेतली होती. मग जानेवारीत एका सकाळी तो बायकोकडे बघून म्हणाला, "रोझीचे डोळे पिवळे झालेत." टिफनीने लगोलग डॉक्टर गाठला, त्याचा, आईचा नव्हे. लुईसची गोळी वाढली. महिन्याभराने तो पिवळेपणा सगळ्यांनाच दिसू लागला, तेव्हा रोझीच्या यकृतावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ईस्टरच्या आधी तिला पुरलं.

आता इस्पितळात हेतल नावाची संशोधक अशा रुग्णांची नजर तपासत होती. पडद्यावर विखुरलेल्या रेघोट्या, त्यांतल्या काही जुळून एक अंडं तयार होई. त्याचं निमुळतं टोक डावीकडे की उजवीकडे, ते सांगायचं. लुईसने हे पंधरा दिवसांपूर्वी एकदा केलं होतं.

"परत तेच?" त्याने विचारलं.

"हो अंकल. दोन्ही वेळा सारखंच येतं का, ते बघायचंय. नाहीतर टेस्टवर भरवसा कसा ठेवणार?"

"म्हणजे परीक्षा माझी नाही, ह्या कॉम्प्युटरची?"

"तसंच समजा."

"नापास झाला तर गोळ्या ह्याला देणार ना?"

हेतल हसली. टिफनीला हसता आलं नाही. आज आकडे फिरले, की पप्पांचं दिसणं असंच, कधी खरं कधी खोटं. मग जानेवारीत आपण ऐकलं नाही ते फारसं चुकलं नाही.

"मागे नव्वदपैकी त्र्याऐंशी, आज ब्याऐंशी," हेतल खुशीत म्हणाली. "टेस्ट पक्की आहे."

"रंगांचं काय?" टिफनीने विचारलं.

"रंग नाहीत यात."

टिफनीने श्वास सोडला.

"ते पहिल्याच दिवशी तपासलं. रंग अंकल अगदी बरोबर ओळखतात. तुम्ही बसता का? निरोगी नातेवाइकांचे आकडेही लागतात आम्हाला."

टिफनी बसली. रेघोट्या समोर होत्या, अंडं काही जुळेना.

"एकावन्न." हेतल अवघडली. "डोळे मिटून बोललं तरी पंचेचाळीस येतात."

"ते धरू नकोस, पोरी," लुईस म्हणाला. "तिची मम्मी आत्ताच गेलीय. अशा दिवसांत माणसाला समोरचं दिसत नाही."

हेतलने खात्रीसाठी टिफनीकडे पाहिलं.

"पप्पा सांगतात तसं लिहा," टिफनी म्हणाली.