वरचं टोक

“यंदा बर्फाळ समुद्राच्या मोहिमेला बोटीवर धाकटी जाईल,” प्रयोगशाळेचे सर म्हणाले आणि ताईंच्या हातातला ब्रश सूक्ष्मदर्शकाखाली तसाच थांबला.

ताईंची एकोणीस वर्षं समुद्रतळाचा गाळ निवडण्यात गेली होती. हिमनग वितळताना पोटातले खडे समुद्रात टाकत जातात. कुठल्या थरात किती खडे, यावरून बर्फ कधी पुढे आला नि कधी मागे हटला, ते कळतं. ते खडे ताई मोजत. बर्फ मात्र त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. आधी सासूबाईंचं अंथरूण, मग मुलीच्या परीक्षा. आता कुठे वाट मोकळी झाली, तर परवा आलेली, सगळ्यांत लहान म्हणून ‘धाकटी’ झालेली ही पोर! तिला चाळणी धरायलाही ताईंनीच शिकवलं होतं.

“ताई, तुम्ही खूश आहात ना?” धाकटीने विचारलं.

“न व्हायला काय झालं?” ताई तोंडदेखलं हसल्या.

मंगळवारी नमुने साठवायच्या थंड खोलीत धाकटीची नळी, म्हणजे समुद्रतळातून उपसलेला गाळाचा उभा नमुना, त्यांच्या नजरेस पडली. उभी चिरलेली, दीड मीटर लांब. ‘वर’ अशी चिठ्ठी लावलेल्या टोकाकडून पाहिलं, तर प्रत्येक थरात भरड वाळू वर आणि बारीक गाळ खाली. पाण्यात जड ते आधी तळाला बसतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. चिठ्ठी उलट्या टोकाला होती. म्हणजे बर्फ मागे हटला, तिथे धाकटीच्या आलेखात तो पुढे सरकत होता! आणि शुक्रवारी ती तोच आलेख सगळ्या शास्त्रज्ञांपुढे मांडणार होती.

ताईंनी दार लोटून घेतलं. पडू दे तोंडघशी. मग बघू, बोटीवर कोण जातं ते.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी धाकटी आलेख घेऊन आली. “एकदा नजर टाका ना. तुम्ही हो म्हणालात की मला धीर येतो.”

ताईंनी चष्मा काढला, पुसला. “नळीची टोकं उलटी धरलीयस तू.”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “कधी लक्षात आलं तुमच्या?”

‘आत्ताच’ म्हणणं सोपं होतं.

“परवा.”

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग थंड खोलीकडे गेली. नळी जड होती, एकटीला पेलणारी नव्हती. ताईंनी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती अलगद फिरवली.

शुक्रवारी धाकटीने नव्याने काढलेला आलेख मांडला; सगळं छान पार पडलं. बोटीच्या यादीतलं नाव बदललं नाही.

निघायच्या दिवशी ताई बंदरावर गेल्या खऱ्या, पण हात काही उचलेना. बोट वळली, तेव्हा कुठे त्यांनी तो वर केला. धाकटी तोवर आत गेली होती.