डावखुरा नायक

आमच्या देवासला गणपतीत दर वर्षी तोच जुना मूकपट लावायचे. पुरुष पडद्यासमोर बसत आणि आम्ही बायका पडद्यामागे. तिथून नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा आणि अक्षरं उलटी दिसायची. बायकांत वाचता येणारी मी एकटीच. मी ती उलटी अक्षरं वाचायची आणि चाळीस जणी कान देऊन ऐकायच्या.

त्रेपन्न साली शेजारी धारची सुमंगला सून म्हणून आली. शिकलेली, त्यात नवऱ्याने घरी सिनेमाचं मशीन आणलेलं. तिने तोच मूकपट मागवला, भिंतीवर चादर लावली, सगळ्यांना बोलावलं आणि स्वतःच घडाघडा वाचू लागली. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात नायकाने तलवार उपसली. उजव्या हाताने!

“अगं बाई, हा तर डावखुरा होता ना?” मालन ओरडली.

“हिचं मशीनच खोटं आहे,” मी ठणकावलं. “सगळं उलटं दाखवतंय.”

सुमंगला रडवेली झाली. “काकू, अक्षरं बघा ना, सुलट आहेत!”

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

“उलटी आहेत,” मी म्हणाले.