समोरचे दात

स्वरूपाच्या ओठांभोवती निळं रबर ताणून डॉक्टर निशिगंधांनी तिच्या समोरच्या दातांवर जांभळा लेप घासायला घेतला, तरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या तिच्या आईचं, मंजुळाबाईंचं, बोलणं काही थांबेना.

"आमच्या गावात पांढऱ्या दाताचं लेकरू दिसलं की पाव्हण्याचं हाय म्हनायचे बघा. बोअरचं पानी, दुसरं काय! सगळं गाव एका रंगाचं."

असं म्हणून त्या खळखळून हसल्या, आणि तपकिरी पट्ट्यांचे त्यांचे दात दिव्याच्या उजेडात उघडे पडले. डॉक्टरही हसल्या. अख्ख्या चिखलीत मंजुळाबाईंच्या हसण्याची लागण व्हायची. कंपनीतली पोरं त्यांच्याकडे जेवणाचा डबा न्यायला आली की शिफ्टला उशीर झाला तरी दारात त्यांच्या गप्पा ऐकत उभी राहायची. खुर्चीत आडवी पडलेली स्वरूपा मात्र आतल्या आत जळत होती. याच दातांपायी मागचं स्थळ बशीतले पोहे अर्धे टाकून उठलं होतं.

"दात कोरायचा नाही, सुई नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डागाचा वरचा पापुद्रा घासून काढायचा. खाली जो डाग उरेल त्यात पारदर्शक द्रव्य मुरवायचं आणि निळ्या उजेडाने घट्ट करायचं. काकू, तुमचेही करून टाकू. अगदी पांढरे नाही होणार, पण पुष्कळ उजळतील."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांना हवं होतं, आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं.

"मला मेलीला कशाला... खरंच होतेत का पन?"

रबर निघालं. स्वरूपाने चूळ भरली आणि नव्या दातांनी पहिलं वाक्य बोलली ते हे :

"तिचं नको. तिला कोण बघायला येणार आहे?"

तळेगावचे पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच तिने आईला बजावलं, "आज हसायचं नाही. बोलायचंही नाही. तू बोललीस की हसतेसच."

मुलाची आई गिरजाबाई. त्यांनी स्वरूपाची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्या खूश झाल्या.

"तुमच्याच भागातली एक पोरगी बघितली होती. पोरीचे दात बरे होते, पण आई हसली आणि आम्ही उठलोच. नातवंडांत उतरतं ते."

पाण्याने होतं, रक्ताने नाही, हे स्वरूपाला चांगलं ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या वाक्यासाठी 'आम्हालाही आहे' एवढं कबूल करावं लागलं असतं.

"विहीणबाई बोलत का नाहीत?"

स्वरूपाचे वडील रोहिदास खाली फरशीकडे बघत राहिले. तंबाखूने त्यांचे दात बायकोपेक्षा काळे झाले होते, पण मुलीच्या बापाच्या दातांकडे कोण बघतं?

"तिला बोलता येत नाही," स्वरूपा म्हणाली. "घशाचं ऑपरेशन झालं. त्यात आवाज गेला."

मंजुळाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग ओठ आत दुमडले आणि मान डोलावली.

"अगंबाई!" गिरजाबाईंनी कळवळून त्यांचा हात हातात घेतला. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

लग्नात मंजुळाबाई तोंडावर पदर धरून वावरल्या. पाठवणीच्या वेळी मुलीची आई हंबरडा फोडते. त्या नुसत्या थरथरत राहिल्या. "बिचारीला रडताही येत नाही," असं गिरजाबाई भेटेल त्याला सांगत होत्या.

गिरजाबाई मनाने वाईट नव्हत्या. फोनवर होकाराला एकदा बांगडी वाजवायची, नकाराला दोनदा, ही युक्ती त्यांचीच. रोज संध्याकाळी त्या स्पीकर लावायच्या.

"जेवलात का विहीणबाई?"

किण्ण.

घरातले सगळे कौतुकाने हसायचे. स्वरूपाही हसायची, आणि तिचे दात फार छान दिसायचे.

एकदा वडिलांचा फोन आला. "डबा न्यायला येणारी पोरं विचारतात, काकूंना काय झालं म्हणून. आता त्यांच्याशीसुद्धा बोलत नाही गं. एखादा तळेगावचा निघाला तर, अशी भीती घेतलीय तिनं."

त्या दुपारी सासू देवळात गेल्यावर स्वरूपाने दाराला कडी घातली आणि आईला फोन लावला.

"आई, घरात कुणी नाही. स्पीकरही नाही. बोल."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"माझं चुकलं गं. आपण त्या डॉक्टरांकडे जाऊ, तुझेही दात करून घेऊ. सुई नाही, काही नाही. येशील ना?"

 मग बांगडी वाजली.

स्वरूपाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, तोच ती पुन्हा वाजली.